बाहेर थांबणारीसाठी सतरंजी

ओहोटीच्या वेळी करावेच्या खाडीला जो वास येतो, तो ज्याला सहन होत नाही तो माणूस इथला नव्हे, असं खुशाल समजावं. चिखल, शेवाळ, तिवरांच्या मुळाशी कुजणारी पानं, कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेलं जाळं. गेल्या रविवारी सकाळी स्कूटरवरून उतरले आणि तो वास नाकात शिरला. आमची खोली गेली, चाळ गेली, चाळीच्या जागी सात मजली बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्या वॉचमनने मला "कुणाकडे जायचंय, मॅडम?" असं विचारलं. वास मात्र होता तिथेच होता. त्याला अजून कोणी बिल्डर मिळाला नसावा.

माझ्या मागे स्कूटरवर माझा धाकटा भाऊ अमोल बसला होता. तो फौजेत आहे आणि महिन्याच्या सुट्टीवर करंजाड्याला, आमच्या आताच्या घरी आला आहे. परत गेल्यावर त्याची पळण्याची टेस्ट आहे. सोळाशे मीटर सहा मिनिटांच्या आत मारले तर कुठल्याशा मोठ्या कोर्सच्या यादीत त्याचं नाव लागेल. नाहीतर अजून एक वर्ष थांबायचं. तिशी जवळ आली, पोट थोडं सुटलं, आणि ही यादी त्याच्या डोक्यात बसली आहे.

"आपल्या बांधावरच पळतो, ताई," तो आदल्या दिवशी म्हणाला होता. "टायमिंग तू घे. तुझ्यासारखं कोणी घेत नाय. तिकडे सगळे आपापल्या माणसाला दोन-दोन सेकंद सोडतात."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. नऊ वर्षं मनात राग धरून बसलेल्या बाईला असं बरं वाटू नये, पण वाटलं. मी लोखंडी पेटी उघडली, तळातून स्टॉपवॉच काढलं. काळं, पिवळ्या बटणाचं. मूळची दोरी कधीच तुटली होती, तिच्या जागी बाबांनी ओवलेली सुतळी अजून होती. अमोलने त्यात नवा सेल घातला आणि आकडे उजळले.

आमच्या बाबांकडे प्रत्येक गोष्टीला सुतळी हे औषध होतं. ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवर गोणी घ्यायची, गाडीतून गाळ्यात टाकायची, पुन्हा गाडीकडे यायचं. दुपारी घरी आले की त्यांच्या केसांत, कॉलरीत, कानांच्या मागे कांद्याची सालं अडकलेली असत. पंखा लावला की ती खोलीभर उडत. लालसर, पातळ, आवाज न करणारी. आई झाडून झाडून कंटाळायची. मला ती आवडत. एखादं साल उजेडासमोर धरलं की त्यातून खिडकी गुलाबी दिसायची.

अमोलने बारावीनंतर भरतीचं मनावर घेतलं, तेव्हा सोळाशे मीटर म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न आला. अकॅडमीला घालायची ऐपत नव्हती. बाबांनी मार्केटातून सुतळीचा एक मोठा गुंडा आणला, कापडाच्या दुकानातल्या मीटरपट्टीवर लावून पन्नास मीटर मापली, टोकाला गाठ मारली. मग एक अख्खा रविवार आम्ही तिघं खाडीच्या बांधावर होतो. एक टोक अमोलकडे, एक माझ्याकडे, आणि मध्ये बाबा, सुतळी कुठे झोल खात नाही ना हे बघत. देवळाच्या पायरीपासून पंपाच्या खोलीपर्यंत आठशे भरले. जाऊन-येऊन सोळाशे. पंपाच्या खोलीवर बाबांनी चुन्याने रेघ ओढली आणि म्हणाले, "हे खरं माप हाय. हितं पळला तो कुटंबी पळंल."

दोन वर्षं आम्ही त्या मापावर पळलो. आम्ही म्हणते, कारण पहिले सहा-आठ महिने मीच त्याच्यापेक्षा जोरात होते. मी पुढे पळायची आणि तो माझ्या वेणीकडे बघत मागून यायचा. मी स्वतः पोलीस भरतीला गेले होते. उंचीच्या पट्टीखाली उभी राहिले आणि दोन बोटं कमी पडले. मोजणाऱ्या बाईंनी मला दोनदा ताठ उभं केलं, मग "जा बाळा" म्हणाल्या. पळायची पाळीच आली नाही. घरी येऊन मी तासभर रडले असेन, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अमोलला लाथ मारून उठवलं.

उन्हाळ्यात बांधावरची माती पिठासारखी मऊ व्हायची आणि नाकातोंडात जायची. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरायचं, तेव्हा आम्ही बुटांना सुतळी गुंडाळायचो, घसरू नये म्हणून. थंडीत खाडीत फ्लेमिंगो उतरायचे. आमच्या घरमालकीण जनाकाकी त्यांना फक्त "ते लांब पायांचं" म्हणायच्या. पळून आलो की जनाकाकी ओटीवरून हाक मारायच्या, "पोरी, पानी गरम हाय, घेऊन जा तपेलं." त्यांच्या चुलीच्या पाण्याला धुराचा वास असायचा. त्या वासासकट अंघोळ करून मी कॉलेजला जायची आणि दिवसभर केसांत धूर घेऊन हिंडायची.

वेळ मात्र मी कधी खोटी सांगितली नाही. एकदा तो पाच एकतीसला आला. तीसच्या आत यायचं होतं. गुडघ्यांवर हात टेकून, लाळ गाळत तो म्हणाला, "ताई, एक सेकंद तर हाय. सोड ना."

"सेकंद माझा नाय, घड्याळाचा हाय."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बाबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली, एवढंच. त्या मानेला मोठ्या लिंबाएवढं टेंगूळ होतं, गोण्यांनी आलेलं. मला शाबासकी मिळाली हे मला कळलं.

आणि वृषाली होती. आमच्यापासून दोन दारं सोडून राहायची. पाचवीपासून माझी मैत्रीण. आमचे डबे एक, पुस्तकं एक, केसांचे चाप एक. तिला पळण्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आम्ही धापा टाकत परत यायचो तेव्हा ती दात घासत दारात उभी असायची आणि फेस न गाळता म्हणायची, "आले बघ वेडे." मी तिला सगळं सांगायची. उंचीच्या पट्टीचं तर घरच्यांच्या आधी तिला सांगितलं होतं.

अमोल भरती झाला. पेढे वाटले, जनाकाकींनी त्याच्या खिशात मरीआईचा अंगारा घातला, आणि एका दुपारी पत्र्याची काळी ट्रंक घेऊन तो नगरला ट्रेनिंगला गेला. घरात एकाएकी खूप जागा झाली. पहाटे जाग यायची. मी बांधावर जाऊन उगाच उभी राहायची. एकटीने पळायला काय अर्थ होता?

तिथे फोन जवळ ठेवू देत नसत. रविवारी दुपारी दहा मिनिटं मिळायचा. आम्ही जेवणं उरकून फोनभोवती बसायचो. आधी आई, मग बाबा, मग मी. कधी कधी वृषालीही बसलेली असायची, आईला लसूण सोलून देत. अमोलची भाषा बदलत चालली होती. तो शिकवणाऱ्यांना उस्ताद म्हणायचा, आणि आईला प्रत्येक वेळी गाणंबजावणं आठवायचं. तिसऱ्या महिन्यात तो म्हणाला, "ताई, आमाला मुलाकात मिळनार हाय. घरचे येऊ शकतात, रविवारी. ताई, इथलं ग्राउंड बघशील तर येडी होशील. लाल मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेघा. मुलाकातीला घरच्यांना फिरायला देतात त्यावर. बूट घेऊन ये. एक राउंड दोघं मारू."

बूट घेऊन ये. त्या वाक्यावर मी पुढचे पाच आठवडे जगले. दोन बोटांसाठी जे ग्राउंड मला दिसलं नव्हतं ते आता दिसणार होतं. एक राउंड. मला बाकी काही नको होतं.

ठरवायचं सगळं माझ्याकडे आलं, कारण घरात मीच ठरवणारी. तिघांचं एसटीचं जाणं-येणं, वर लॉजची खोली, हे आम्हाला झेपणारं नव्हतं. आई म्हणाली, मग बाबा एकटेच जाऊ देत. मी म्हणाले, थांबा. नगरहून मार्केटात कांद्याच्या गाड्या येतात. कांदा उतरला की त्या रिकाम्या परत जातात. भाऊसाहेब नावाचे ड्रायव्हर होते, त्यांची गाडी बाबांनी वर्षानुवर्षं खाली केली होती. मी मार्केटात जाऊन त्यांना गाठलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "तुकारामची पोरं म्हंजी माझीच की. शनिवारी सकाळी उतरवून झालं की निघू. आन लॉज कशाला? आमच्या पडवीत झोपा. घर नगरच्या अलीकडंच हाये."

एका फोनवर नव्हे, चिमूटभर तंबाखूवर सगळं जमलं. आता मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्या लावायचंच काम करते. आयुष्यातली पहिली गाडी मी लावली ती ही.

कॅलेंडरच्या पाठीमागे मी यादी केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, जनाकाकींनी दिलेला सुका जवळा, कारण तो पोरगा साताऱ्याचा असला तरी वाढला खाडीवर. आधार कार्ड आई, बाबा, मी. एका जवानाला तीनच माणसं भेटू शकतात, आणि त्यांची नावं त्याने आठवडाभर आधी लिहून द्यायची असतात, हे अमोलने सांगितलं होतं. वृषाली म्हणाली, "मी पण येते गं. तुला सोबत." मला केवढं वाटलं! ही पोर माझ्यासाठी एवढा प्रवास करणार आणि आम्ही आत गेल्यावर दिवसभर बाहेर सामानापाशी बसून राहणार. म्हणून मी यादीत खाली लिहिलं: बाहेर थांबणारीसाठी सतरंजी. तिच्यासाठी वेगळा चिवडा, एक दिवाळी अंक, पाण्याची मोठी बाटली. लिहिलं ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "किती करतेस माझ्यासाठी."

आजही ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही निघालो. आई पुढे केबिनमध्ये, आम्ही तिघं मागे रिकाम्या बारदानांच्या ढिगावर, डोक्यावर ताडपत्री. कल्याण गेलं, मुरबाड गेलं, माळशेज घाटात थंडी लागली. बाबांनी तिन्ही बाजूंनी बारदानं लावून आम्हाला घरटं करून दिलं. तागाचा आणि कांद्याचा तो वास माझ्या अंगात असा मुरला की पुढे महिनाभर वेणी सोडली की यायचा. वृषालीने एक ड्रेस दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणला होता, वास लागू नये म्हणून. मी तिची टर उडवली. "सतरंजीवर बसायला एवढा थाट?" ती हसली. मी तेव्हा इतकी खूश होते की बूट मांडीवर घेऊन बसले होते. खडू घासून पांढरे केलेले बूट.

भाऊसाहेबांच्या घरी हुरडा झाला. त्यांच्या बायकोने लसणाची चटणी आणि ताक दिलं, आणि आम्ही पडवीत ओळीने झोपलो. सकाळी वृषालीने तो ड्रेस घातला. मोरपंखी होता. छान दिसत होती. मी तसं तिला म्हणालेही.

सेंटरच्या गेटबाहेर कडुलिंबाचं मोठं झाड होतं. तिथे मी आधी सतरंजी अंथरली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, वाऱ्याने उडू नये म्हणून. चिवड्याचा डबा ठेवला, अंक ठेवला, बाटली सावलीत ठेवली. मग चौघं रांगेत उभे राहिलो. वृषालीही आली. मला वाटलं, आत जाईपर्यंत सोबत.

गेटवरचा जवान कागद बघून नावं वाचत होता. आमचं आडनाव ऐकू आलं, बाबांचं. मग आईचं. तिसऱ्यांदा आमचं आडनाव आलंच नाही. वृषालीचं नाव आलं, तिच्या आडनावासकट.

मी म्हणाले, काहीतरी चुकलंय. मी त्या जवानाला म्हणाले, साहेब, ही नाही, मी. मी बहीण आहे. तो म्हणाला, "लिस्ट में तीन ही नाम हैं, दीदी." मी हसून वृषालीकडे वळले, बघ काय गोंधळ घातलाय म्हणून. तिने पर्समधून आधार कार्ड काढलेलं होतं. तिच्या आधारचं मी यादीत लिहिलं नव्हतं. ते तिने आपलं आपण आणलं होतं.

मग मी आईकडे बघितलं. आई जवळ आली, माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "हितं तमाशा नगं. अमोल मला बोलला होता गेल्या रविवारी. त्या दोघांचं ठरलंय. तिला उस्तादांना दावायचंय, आन तुजं काय, तू घरचीच हायस. तुला आधी सांगितलं आसतं तर तू आली नसतीस. मग गाडी कुनी ठरवली आसती?"

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करावा, तसं तिने ते केलं होतं. म्हणूनच ते मला अजून पचलेलं नाही. मला फसवलं होतं. माझा भाऊ, माझी मैत्रीण आणि माझी आई, तिघांनी मिळून. आणि फसवण्यासाठी लागणारी गाडीसुद्धा मीच करून दिली होती.

बाबांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी टोपी काढली आणि त्या जवानाला म्हणाले, "साहेब, माज्या जागी हिला जाऊ द्या. मी बसतो हितं झाडाखाली."

"नहीं चाचा. जिसका नाम है वही जाएगा."

ते गेले. डबाही गेला, दशम्या, चटणी, जवळा. मी चालत जाऊन सतरंजीवर बसले. दुसरीकडे बसायला जागा तरी कुठे होती? आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या, बुटांचे आवाज, मध्येच हसणं. भिंत उंच होती. चिवड्यात मी वृषालीला आवडतात म्हणून जास्तीचे काजू घातले होते. ते मी एक-एक करून खाल्ले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. फार राग आला की माझे हात गार पडतात, तसे पडले होते.

तास-दीड तासाने बाबा एकटेच बाहेर आले. मुलाकात चारपर्यंत होती. मी विचारलं, "का आलात?" ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले. कितीतरी वेळ चिवड्याचे दाणे तळहातावर घेऊन बसले होते.

"ग्राउंड बघितलं," ते म्हणाले. "लाल माती हाय. तांबडी लाल. आपल्या गावाकडच्या डोंगरासारखी. चाळून घेतल्यागत बारीक. रेघा पांढऱ्या. मी एक राउंड चाललो."

"तुम्ही?"

"तर! पावलं मोजली. पाचशे चाळीस भरली. मधी एका साहेबानं इचारलं, चाचा क्या कर रहे हो? म्हटलं, पोरीसाठी मोजतोय." मग म्हणाले, "माजी पावलं लहान पडत्यात आता. तुजी कमी भरतील."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात मूठभर लाल माती होती. ती त्यांनी माझ्या बुटांवर टाकली, पांढऱ्या बुटांवर, आणि हाताने नीट पसरली. तेव्हा मला रडू आलं.

आई आणि वृषाली चारला बाहेर आल्या. आईने मला एक बिस्किटाचा पुडा दिला. "अमोलनं दिलाय, तुला. म्हणाला, ताईला सांग, पुढच्या टायमाला." वृषाली काही बोलायला म्हणून माझ्याजवळ आली. "सांगणार होते गं," एवढंच म्हणाली. मी सतरंजी झटकायला घेतली, आणि धुळीमुळे तिला मागे सरकावं लागलं. पुढचा टाइम आला नाही. ते दोघं कधी, कुठे, कसे एकमेकांना आवडले, माझं नाव कुठल्या रविवारी खोडलं, हे मी कधीच विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दोन वर्षांनी लग्न झालं. करवली मीच होते. पाठवणीत तिच्या घरचे रडले, ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिची पाठ थोपटली.

आता ती मला ताई म्हणते. मैत्रीण होती तेव्हा नावाने हाक मारायची. ती हाक कुठे गेली, हे कधीतरी तिला विचारावं असं मनात येतं. आम्ही एकाच ओट्यापाशी पोळ्या करतो, ती लाटते, मी भाजते, आणि आमचं उत्तम चालतं. वाईट माणूस नाही ती. तिने मला सतरंजी अंथरू दिली, एवढंच.

तर गेल्या रविवारी मी बांधावर उभी होते. पंपाच्या खोलीवर चुन्याची रेघ राहिलेली नव्हती, पण खोली होती आणि देवळाची पायरी होती. म्हणजे बाबांचं माप शाबूत होतं. बाबा आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. निघताना त्यांनी गॅलरीतून विचारलं होतं, "घड्याळ घेतलंस का?"

अमोलने बुटांच्या नाड्या बांधल्या, दोन उड्या मारल्या. लाल टी-शर्ट, मागे कसलंसं बोधचिन्ह. केस विरळ झालेत. मला त्याच्यात तो बारावीतला पोरगा एकदम दिसला, आणि लाथ मारून उठवावंसं वाटलं, आणि जवळ घ्यावंसंही वाटलं.

"रेडी, ताई?"

"रेडी."

"बोल."

"गो!"

तो सुटला. माझा अंगठा पिवळ्या बटणावर होता. मी दाबला नाही.

मी ठरवून आले नव्हते. पण अंगठा उचलून मी तो बाजूला ठेवला, हे मला नीट ठाऊक होतं. तो पंपाच्या खोलीकडे लहान लहान होत गेला. खाडीत फ्लेमिंगो माना खाली घालून चिखल चाळत होते. कुठेतरी जाळं झटकल्याचा आवाज आला. नव्या बिल्डिंगच्या जागी मला जनाकाकींची ओटी दिसली, धुराचं तपेलं दिसलं, दारात दात घासणारी एक मुलगी दिसली. मग तो वळला आणि मोठा होत येऊ लागला. मला आकड्यांची गरज नव्हती. दोन वर्षं ज्याचे पाय वाचले, त्याचे पाय अजूनही वाचता येतात. खांदे वर चढले होते, टाच आधी पडत होती. सहा केव्हाच होऊन गेले असणार. अर्धं मिनिट तरी जास्त, कदाचित पाऊण.

तो पायरीला हात लावून कोसळल्यासारखा बसला. "किती?" त्याच्या तोंडून नीट शब्द फुटेना. "किती, ताई?"

"पाच अठ्ठावन्न," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. "खरं? मला वाटलं गेलंच आज. म्हणजे जमेल! यादीत नाव लागेल, ताई!" तो उठला आणि घामाने निथळत्या अंगाने त्याने मला मिठी मारली. त्याने घड्याळ बघायला मागितलं नाही. मीही तेव्हा, नगरच्या त्या गेटवर जाण्याआधी, कधी नावांची यादी बघायला मागितली नव्हती.

मला वाटलं होतं, आतून काहीतरी मोकळं होईल. तसं काहीच झालं नाही. हात गार पडले होते.

अमोलने लगेच फोन काढला आणि स्पीकरवर लावला. "बाबा, पाच अठ्ठावन्न! आपल्या मापावर!"

पलीकडे बाबांच्या मागे कुकरची शिट्टी झाली, वृषाली काहीतरी म्हणाली. "घड्याळ कुनी लावलं होतं?" त्यांनी विचारलं.

"ताईनं."

"मग खरंच आसनार," बाबा म्हणाले.

घड्याळावर सगळी शून्यं होती. मी सुतळी गळ्यातून काढली आणि ते मुठीत झाकून धरलं.